तीन चिठ्ठ्यांचा डबा: चौथीच्या घरशाळेच्या नोंदी

मुलगा नऊ वर्षांचा. घरात त्याला दादू म्हणतो, इथंही तेच. तिसरीची दिवाळी संपली आणि शाळेच्या नावानं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. फेब्रुवारीत दाखला काढून घरी आणला. शाळेबद्दल इथं काही लिहिणार नाही, तो विषय संपला. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. नवरा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, मी घरून हळदीच्या व्यापाऱ्यांची खाती लिहिते, आणि सासरे, म्हणजे आप्पा, मार्केट यार्डात एका अडत दुकानी तीस वर्षं दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारे, होते. शिकवायचा अनुभव तिघांनाही शून्य. चौथीचा अभ्यास घरी करताना काय काय बिघडलं ते लिहून ठेवलंय. ज्यांचं मूल पुस्तक उघडलं की मिटतं, त्यांच्या काही दिवसांची तरी बचत व्हावी.

३ जून

तयारी पूर्ण. तयार अभ्यासक्रमाचा संच मागवला, ११,८०० रुपये. पांढरा बोर्ड १,४५०. टेबल-खुर्ची ३,२००. सहा तासिकांचं वेळापत्रक केलं, नऊ ते एक, मधे वीस मिनिटांची सुट्टी. एक्सेलमध्ये रंग भरून छापलं आणि भिंतीवर लावलं. आप्पा चष्मा वर करून बघत म्हणाले, "झकास आहे की. घंटा कोण देणार?"

तेव्हा मी हसले होते.

१५ जून

पहिला दिवस. सहाच्या सहा तासिका झाल्या. नवऱ्याला फोटो पाठवले.

१८ जून

दादू टेबलाखाली. पावणेदहा ते साडेअकरा.

झालं ते असं. गणिताची वही उघडून दिली, पान एक, सहा बेरजा. त्याला त्या झोपेतही येतात. त्यानं पान एक बघितलंच नाही. अंगठ्यानं पानं फर्रकन सोडत थेट शेवटच्या पानावर गेला, तिथला आकडा बघितला, १२८. परत पहिल्यावर आला. पहिली बेरीज लिहिली, खोडली, परत तीच लिहिली, परत खोडली. खोडरबर एकाच जागी घासत राहिला. आधी कागदाची साय निघाली, मग भोक पडलं आणि खालच्या पानावरची बेरीज त्यातून दिसायला लागली. ते भोक बघून तो खाली सरकला. टेबलाखालून एवढंच आलं, "अजून एकशे सत्तावीस."

मी काय केलं, तर समजावलं. "अरे, एवढी सगळी आजच नाही करायचीत." मग चढ्या आवाजात समजावलं. दोन्हीचा उपयोग सारखाच झाला.

२४ जून

पाच दिवस 'मजेशीर' करण्यात गेले. विषयाला रंग दिले, तक्ते केले, चांदण्या चिकटवल्या (कागद आणि स्टिकर ३४०). पंधरा मिनिटांचं वाळूचं घड्याळ आणलं, २६०. कुठंतरी वाचलं होतं की वेळ डोळ्यांना दिसला की मुलं निवांत होतात. आमचं मूल वाळूच बघत बसलं. पंधरा मिनिटं पेन्सिल हातात, नजर वाळूवर, आणि शेवटचा कण पडला तसा रडायला लागला, कारण काहीच लिहून झालं नव्हतं. घड्याळ आता आप्पांकडे आहे, ते त्यावर अंडी उकडतात.

चांदण्यांचंही तेच. न मिळालेल्या चांदण्यांच्या रिकाम्या जागा त्यानं मोजल्या. मिळालेल्या तीन होत्या.

२५ जून

मिरजेला समुपदेशकांकडे गेलो. सातशे रुपये, पाऊण तास. त्यांनी एकच काम दिलं, आणि ते मला नाही म्हटलं तरी आपल्या धंद्यातलं वाटलं: बिनसेल तेव्हा लगेच नोंद करा. त्या क्षणी टेबलावर काय होतं, आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय बदललं. कारण शोधू नका, नुसतं टिपा. जुनी खतावणी, म्हणजे खात्यांची वही, घेतली, दोन रकाने पाडले.

२६ जून

पहिल्या दिवसापासूनचं आठवेल तसं मागचंही भरून काढलं. एकूण अकरा प्रसंग. मला खात्री होती की गणित नाहीतर इंग्रजी निघणार. बेरीज मारली तर असं आलं: अवघड पडलं म्हणून दोन. आवाजामुळे दोन (मिक्सर, आणि शेजारचं ड्रिलिंग). उरलेले सात प्रसंग मी काहीतरी वाढवल्यावर किंवा बदलल्यावर. "हे झालं ना, मग हेही करून टाक." "आज इंग्रजी आधी घेऊ." "चांगलं आलंय, आता फक्त अक्षर नीट काढून परत लिही."

सातही ठिकाणी वाक्य माझंच.

हे दोनदा तपासलं. आकडा सातच राहिला.

३ जुलै

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. वेळापत्रक फाडलं, संच कपाटात, "तुला वाटेल ते कर." लोक म्हणतात मूल आपोआप शिकतं. काहींचं शिकत असेल. आमचं पहिल्या दिवशी दुपारपर्यंत खूश होतं, संध्याकाळी विचारायला लागलं, "आज माझं काय राहिलं?" काही नाही म्हटलं. रात्री दिवा घालवल्यावर परत, "पण काहीतरी राहिलं असेल ना?" तिसऱ्या रात्री साडेबारापर्यंत जागा. माझ्यासाठी 'काहीच नाही' म्हणजे सुटका होती, त्याच्यासाठी 'किती ते माहीत नाही' असं झालं. एकशे सत्तावीस निदान मोजता तरी येत होते.

सात दिवस गेले. मोकळं सोडायचं असेल तर जरूर सोडा, पण रात्री मूल काय विचारतं तेवढं ऐका.

५ जुलै

पुस्तकं कापली.

टिळक चौकाजवळ एक छपाईवाले आहेत, त्यांच्याकडे मोठं कटिंग मशीन आहे. संचातल्या गणित आणि परिसराच्या वह्या नेल्या, पाठीच्या डिंकाची पट्टी कापून द्या म्हटलं. वीस रुपये एक. मालकांनी दोनदा विचारलं, "वहिनी, नव्या कोऱ्या आहेत हो." पातं खाली आलं आणि दोन वह्यांची सुटी पानं झाली. घरी आप्पांनी ती पिशवी बघितली आणि जेवले नाहीत. दिवाणजी माणूस, वहीला पाय लागला तर नमस्कार करणारा. "विद्येला कात्री लावतीस होय?" संध्याकाळी मी त्यांना अठरा तारखेचं भोक पडलेलं पान दाखवलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पानं नंबर घालून ठेव. हरवतील."

वहीला शेवटचं पान आहे तोवर तो ते बघणार. म्हणून वहीच ठेवायची नाही. त्याच्यापुढं येईल ते एकच सुटं पान.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. लागतील तेवढीच पानं छापून घेतली, दोन रुपयांनी एक. खरं तर एवढ्यावरच भागलं असतं, संचाची गरज नव्हती. जून महिन्यात हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं.

८ जुलै

डबा सुरू केला. बेदाण्याचा जुना पत्र्याचा डबा, तासगावहून कुणीतरी दिलेला. रात्री मी त्यात तीन चिठ्ठ्या टाकते. सकाळी तो उघडतो. एका चिठ्ठीवर एक काम, आणि काम संपलं हे कशावरून ते त्याच चिठ्ठीवर. 'गणित' असं लिहायचं नाही. 'पान ४, वरच्या चार बेरजा' असं लिहायचं. 'वाचन' नाही, 'धड्याचा पहिला परिच्छेद आप्पांना वाचून दाखव'. क्रम त्याचा. झालेली चिठ्ठी फाडून टाकायची. फाडताना येणारा आवाज त्याला फार आवडतो असं दिसतं, चिठ्ठी बारीक बारीक करत बसतो. फाडू दे.

डबा रिकामा म्हणजे शाळा सुटली. साडेदहा वाजलेले असोत नाहीतर दोन.

पहिल्या दिवशी सव्वादहाला सुटली. माझा जीव नुसता वरखाली. सव्वा तासात कुठं चौथी होते का?

१६ जुलै

सगळ्यात महागात पडलेली चूक. सविस्तर लिहिते.

सात दिवस डबा उत्तम चालला. एकदाही टेबलाखाली नाही. काल सकाळी पावणेदहालाच तिन्ही चिठ्ठ्या फाडून झाल्या. पोरगं हसत होतं, अंगात जोर होता. मला वाटलं, आत्ता घेईल. तो पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात मी चौथी चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली. 'पान ९, दोन वजाबाक्या.' दोनच! पाच मिनिटांचं काम.

तो आला. डबा हलवून बघायची त्याला सवय लागली होती, रिकामा आहे याची खात्री करायला. चिठ्ठीचा आवाज आला. झाकण काढलं, वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. रडला नाही. ओरडला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि डबा पलंगाखाली ढकलून दिला, पार भिंतीपर्यंत.

आज सकाळी डबा उघडायला तयार नाही. "तू वाढवतेस," म्हणाला. मी म्हटलं, परत नाही वाढवणार. "काल पण तीनच म्हणालेलीस."

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

२१ जुलै

सहा दिवस लागले. त्यात केलं ते एवढंच: तीनऐवजी एकच चिठ्ठी, आणि तीही पंधरा मिनिटांच्या आत संपणारी. संपली की मीच उठून माझ्या कामाला लागायचं, तो काय करतो ते बघायलाही थांबायचं नाही. चौथ्या दिवशी दोन, आज परत तीन. डबा हलवून बघतो अजून. आधी गंमत म्हणून हलवायचा, आता तपासतो.

आपल्याला दोन वजाबाक्या दिसतात. त्याला दिसतं की 'संपलं' या शब्दाला काही अर्थ नाही. आमच्या धंद्यात पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाईकानं, हिशेब चुकता केल्यावर कुणी परत मागची बाकी काढली तर ती पार्टी दुसऱ्या दिवशी दुकान बदलते. हे मला चांगलं माहीत होतं, फक्त घरात लावलं नव्हतं.

२३ जुलै

चार दिवस संततधार. गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच, "आयर्विनला किती?" बाहेरच्यांसाठी सांगते: आयर्विन पूल १९२९ चा, कृष्णेचं पाणी किती चढलं ते सांगली या पुलावरच्या फुटांत मोजते. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ साली ५७ च्या वर गेलं होतं.

दादू आप्पांबरोबर पाणी बघून आला आणि स्वतःहून पाटीवर आकडा लिहिला. संध्याकाळी परत गेला. परत आकडा. मी काहीही बोलले नाही. जीभ चावून बसले म्हणा.

२५ जुलै

आता त्याची एक चिठ्ठी रोज 'पाणी' असते. आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा आणि कालचा ठिपका जोडायचा. आज गोंधळ झाला. पातळी साडेतेहतीस फूट, म्हणजे ३३ फूट ६ इंच. त्यानं लिहिलं ३३.६. मोबाईलवर कुणीतरी तसंच पाठवलं होतं, त्याची चूक नाही. मी लगेच सुरू, "बारा इंचांचा फूट, म्हणून सहा इंच म्हणजे दशांशात..." त्याचे खांदे वर जायला लागले. हे आता मला ओळखता येतं, खांदे कानाकडे जातात. गप्प बसले.

आप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "सहा इंच म्हणजे अर्धा फूट. साडेतेहतीस. आणि तीन इंच जास्त झालं तर पावणेचौतीस." दादूनं दोन रेघांच्या बरोब्बर मधे ठिपका दिला. मग त्यानंच विचारलं, "आणि तीनच इंच असेल तर सव्वातेहतीस?"

दशांश नाही, सूत्र नाही. पाव, अर्धा, पाऊण हा चौथीचा अख्खा अपूर्णांकांचा धडा ओट्याशी उभ्या उभ्या झाला. मी भाजी परतत होते. भाषेत पडलेलं होतं सगळं, मी ते बाजूला सारून वर्कशीट शोधत होते.

२७ जुलै

परवाची फुशारकी आज उतरली.

पाणी चाळिशीला टेकायला आलं. पाणी चढायलंय म्हणून खालच्या भागातले लोक सामान हलवायला लागले. दादू आलेख घेऊन बसला होता, ठिपके चढत चाललेले, आणि त्यानं पट्टी लावून रेघ पुढं ओढली. कागदाच्या बाहेर. मग विचारलं, "आपल्या घरात कधी येणार?" २०१९ ला तो चार वर्षांचा होता, आप्पांच्या खांद्यावर बसून बाहेर पडला होता. त्याला आठवत नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्या पुराची रेघ अजून आहे, रंग देताना आप्पांनी पुसू दिली नाही.

आवडीचा विषय सापडला या आनंदात मी हे बघितलंच नव्हतं. पाण्याची चिठ्ठी बंद केली. ते चुकलं: आकडा कळला नाही तर आणखी घाबरला, वरच्या खिडकीतून रस्त्यावर जाणाऱ्यांना "किती झालं?" विचारायला लागला. संध्याकाळी परत सुरू केली, पण वेगळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी यायला आयर्विनला ४७ लागतात, हे आप्पांना अनुभवानं माहीत आहे. आलेखावर ४७ ला लाल रेघ मारली. चिठ्ठीवर लिहिलं, 'लाल रेघेपर्यंत किती फूट बाकी?' सात. सात फूट बाकी आहेत हे कळल्यावर जेवला.

नंतरची भर: दोन दिवसांनी उतार पडला. उतरणीचे ठिपकेही त्यानं न सांगता दिले, पार ऑगस्टपर्यंत.

१० ऑगस्ट

गणितातली एक जुनी गाठ सुटली, ती लिहायलाच हवी.

तोंडी आकडे सांगितले की हा उलटे लिहायचा. 'त्रेसष्ट' म्हटलं की ३६. शाळेत यावरून खूप झालं होतं, हलगर्जी म्हणून वहीत शेरे आहेत. आठ-दहा दिवसांपूर्वी शांतपणे बघितलं. त्रेसष्ट म्हणताना कानावर आधी 'तीन' येतो. हा इमानदारीत आधी ऐकलेलं आधी लिहितो. हलगर्जीपणा कसला, उलट फारच काटेकोर!

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. मीही केली होती. आता आठ दिवस घरात 'साठ तीन', 'तीस सहा' चाललंय. आप्पांना ते ऐकवत नाही, उठून बाहेर जातात. पण उलटे आकडे थांबले. पुढचा टप्पा: मी 'त्रेसष्ट' म्हणते, तो मनात 'साठ तीन' म्हणतो आणि मग लिहितो. ओठ हलताना दिसतात. दहापैकी नऊ बरोबर.

२१ ऑगस्ट

काही विशेष नाही. तीन चिठ्ठ्या, तीन फाडल्या. असे दिवस लिहायचे राहून जातात, पण आता आठवड्यात चार-पाच असेच असतात.

४ सप्टेंबर

चोर गणपती आले. सांगलीबाहेर हे फारसं कुणाला माहीत नसतं. आमच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गुपचूप गणपती बसतो. ना मिरवणूक ना वाजंत्री, म्हणून चोर. दादूला घेऊन सकाळी लवकर गेलो, गर्दी नव्हती. "याला पण आवाज आवडत नाही," म्हणाला. चिठ्ठीत नसलेला अभ्यास म्हणजे कृष्णेच्या बाजूला जाऊन अर्धा तास पाणी बघणे. आता किती उतरलंय ते काठावरच्या चिखलाच्या रेघांवरून त्यानं मला सांगितलं.

शनिवारपासून गल्लीत स्पीकर. मागच्या वर्षी दहा दिवस हाल झाले होते. यंदा आधीच ठरवलं: उत्सवात तीनऐवजी दोन चिठ्ठ्या, आणि त्या स्पीकर सुरू व्हायच्या आत, सकाळी आठला. हे त्याला चतुर्थीच्या आधी सांगितलं, त्या दिवशी सकाळी नाही. कमी करायचं असलं तरी अचानक कमी केलेलं चालत नाही, खतावणीत तेही एकदा दिसलं होतं.

नंतरची भर: विसर्जनाच्या दिवशी हरिपूरला नणंदेकडे. कृष्णेला वारणा येऊन मिळते तो संगम बघितला. चिठ्ठ्या शून्य.

२३ सप्टेंबर

मराठी आणि इतिहास. इथं मी दोन महिने एक साधी गोष्ट बघितली नव्हती. उत्तर येणं आणि उत्तर लिहिणं ही दोन कामं आहेत. त्याला अफझलखानाची भेट काल सांगायला लावली. सात मिनिटं थांबलाच नाही, शामियाना, चिलखत, वाघनखं, प्रतापगडाखालचं रान, सगळं हातवाऱ्यांसकट. मग म्हटलं, आता लिही. दोन ओळी. दुसरीत 'शामियान्यात' शब्दाशी अडला. न्या की न्य, खोडलं, परत खोडलं, खांदे कानाशी.

आता दोन चिठ्ठ्या वेगळ्या, त्याही वेगवेगळ्या दिवशी. एका दिवशी 'सांग': तो बोलतो, मोबाईलवर रेकॉर्ड करते, मी टाइप करून छापते. दुसऱ्या दिवशी 'लिही': त्याच्याच छापलेल्या बोलण्यातली तीन वाक्यं बघून उतरवायची. बघून लिहायचं असल्यामुळे जोडाक्षर आठवायचा ताण नाही, आणि वाक्य त्याचंच असल्यामुळे कंटाळा नाही. एक गंमत झाली: स्वतःचं छापलेलं वाचून म्हणाला, "मी 'मग' किती वेळा म्हणतो!" एकोणीस वेळा. सहा काढून टाकले, त्याच्या हातानं. संपादन म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

१४ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब. संच ११,८००, बोर्ड १,४५०, टेबल-खुर्ची ३,२००, चांदण्या वगैरे ३४०, वाळूचं घड्याळ २६०, समुपदेशक तीन वेळा मिळून २,१००, छपाई २४३ पानांचे ४८६, वह्या कापायचे ४०, कोऱ्या चिठ्ठ्यांचा कार्डपेपर ६०. एकूण १९,७३६. संचातला न कापलेला भाग एका ताईंनी दीड हजाराला नेला. म्हणजे निव्वळ १८,२३६. यातले खरोखर कामाला आलेले २,६८६. डबा फुकट. टेबलाखाली बसायला टेबल उपयोगी पडलं असं नवरा म्हणतो, पण ते मी धरलेलं नाही.

वाया गेलेले दिवस: चांदण्यांचे पाच, मोकळं सोडल्याचे सात, चौथ्या चिठ्ठीचे सहा. अठरा.

अभ्यास कुठवर आला? गणिताचं निम्म्याच्या थोडं पुढं. परिसराचा नकाशावाचनाचा भाग पावसाळ्यानं करून घेतला: कृष्णा निघते महाबळेश्वरहून, कराडला कोयना मिळते, मग सांगली, हे त्याला पाठ आहे, कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी हेही, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट हे तो पाहुण्यांना न विचारता सांगतो. शिवाजी महाराज तोंडी सगळे, लेखी थोडे. इंग्रजी जवळजवळ नाही. मुद्दाम बाजूला ठेवलंय, पण किती दिवस ठेवणार ते ठरलेलं नाही. नणंद दर फोनला विचारते. पाचवीला राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची परीक्षा द्यायचा विचार आहे, दहा वर्षं पूर्ण लागतात, ती पुढच्या वर्षी होतील. कागदपत्रांत दाखला लागतो, तो जपून ठेवा. आमचा चार दिवस सापडत नव्हता.

२६ ऑक्टोबर

आप्पांनी मधेच स्वतःची शाळा काढली आहे. दुपारी चारला, डब्याशी संबंध नाही. पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे. एकाची दीड, दोनाची तीन, तिनाची साडेचार. त्यांच्या लहानपणी ही पाठ असल्याशिवाय अडतीवर कुणी उभं करत नसे. हातात हळकुंडं घेऊन पावशेराचे ढीग लावतात, टेबल पिवळं करतात. मी एकदा मधे पडले, म्हटलं याची चिठ्ठी करूया का. दोघांनीही एकदम "नको" म्हटलं.

९ नोव्हेंबर

कबुली. आज परत मोह झाला. पाऊण तासात डबा रिकामा, पोरगं ताजंतवानं, आणि माझ्या हातात इंग्रजीचं एक पान, चारच शब्द. तो बाहेर सायकल फिरवत होता. पान घेऊन दारापर्यंत गेले. आप्पा ओसरीत भडंग खात बसले होते, पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "पार्टीचा हिशेब चुकता झालाय न्हवं?"

परत आले. पान उद्याच्या डब्यासाठी ठेवलं, आणि त्याची जागा करायला मराठीचं एक काढलं. इंग्रजी असं आत आणून बघायचंय, वरून नाही.

उद्याच्या चिठ्ठ्या: १. पान ६१, पहिले दोन भागाकार. २. इंग्रजी, चार शब्द बघून लिहायचे, प्रत्येक एकदाच. ३. सायकलच्या चाकाचा घेर दोऱ्यानं मोजून आणायचा.